लाल चिमटा आणि डावा कौल

चिमाआजीची रेघ सुलटी झाली तसे मांडवातले दीडशे लोक हात जोडून उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींना रडू फुटलं. मागच्यांना काहीच दिसलं नव्हतं, म्हणून ते पुढच्यांपेक्षा मोठ्याने रडले.

"मघाशी बघितलंत ना?" स्पंदनानंद महाराजांनी कार्डिओग्रामची गुलाबी चौकटींची कागदी पट्टी उंच धरली. माईक त्यांच्या दाढीत अडकल्यासारखा दिसत होता. "टोकं भुईकडे होती. आजीच्या काळजाने मान खाली घातली होती. कोणीतरी घालायला लावली होती. आता बघा, टोकं आभाळाकडे. डावा कौल होता, उजवा झाला. आणि हा चमत्कार नाय बरं का. हे सायन्स हाय. डॉक्टरांकडे जे यंत्र, तेच आपल्याकडे. त्यांना फक्त रेघ काढता येते, आपल्याला ती वळवता येते."

सहाव्या रांगेत सावित्री नवऱ्याचा भार खांद्यावर घेऊन बसली होती. रावजी म्हणजे पंचक्रोशीतला नावाजलेला मिस्त्री. तीस वर्षं त्याने जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या भिंती उभ्या केल्या, आणि आज त्याला स्वतःची मान उभी धरवत नव्हती. सदऱ्याची पाठ ओली होती. पंखा थेट अंगावर असूनही त्याला घाम येत होता, आणि हात लावला तर अंग गार.

सावित्री बावीस वर्षं गावातलं टपाल सांभाळत होती. रोज सकाळी शिक्क्यातली तारीख बदलायची आणि आल्या-गेल्याची वेळ टिपायची, ही सवय हाडीमासी खिळलेली. आजही सकाळी रावजीने छातीवर हात ठेवून "चिरा ठेवल्यासारखा वाटतोय गो" म्हटलं, तेव्हा तिने आधी घड्याळ बघितलं होतं. सहा चाळीस. मनीऑर्डरच्या एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर तिने ते लिहिलं, आणि मग घाबरली.

तेव्हाच निघाले असते तर संगमेश्वरच्या सरकारी दवाखान्यात सव्वासातला पोचले असते. पण मध्ये नदी होती, आणि नदीच्या अलीकडे मोठे भावोजी होते.

धोंडू हा रावजीचा थोरला भाऊ, ग्रामदेवतेचा मानकरी. घराण्याचा रिवाज असा की दुखणेकऱ्याला कौल घेतल्याशिवाय नदीपलीकडे न्यायचं नाही. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पण देवीच्या पाकळ्या लावणारा गुरव नातवाच्या बारशाला मुंबईला गेलेला. आता देवीला विचारायचं कोणी? भावोजींनी अर्धा तास विचार केला आणि तोडगा काढला. महामार्गाच्या कडेला, जुन्या चिरेखाणीत दर गुरुवारी महाराज बसतात, तेही कौलच देतात, तोही यंत्रावर. आणि ते नदीच्या अलीकडेच बसतात.

अशा रीतीने ज्या माणसाला दवाखान्यात न्यायला देवीची परवानगी लागत होती, त्याला भोंदूकडे न्यायला कोणाचीच लागली नाही.

सावित्रीने फॉर्मवर लिहिलं : आठ पाच, मांडव.

"भावोजी, ह्यांना पुढे तरी घ्यायला सांगा. रंग बघा ह्यांचा."

"गो, रांग देवाची हाय. आणि आपला नंबर जवळ आला." भावोजींनी पंच्याने रावजीचा घाम पुसला. भावावर त्यांचा जीव होता. त्यात खोट नव्हती.

नंबर नऊ वाजून पाच मिनिटांनी लागला.

रावजीला पाटावर निजवलं. महाराजांनी दोन्ही मनगटांना आणि दोन्ही घोट्यांना चिमटे लावले. सावित्रीने नवऱ्याचा डावा हात सोडला नव्हता, त्यामुळे लाल चिमट्यात तिचं बोटही सापडलं. तिने ते काढून घेतलं. यंत्र कुरकुरलं, पट्टी बाहेर आली. महाराजांनी तिच्यावरची बाकीची रेघाटी अंगठ्याखाली दाबून फक्त पहिली ओळ लोकांना दाखवली. टोकं खाली.

"डावा," मांडव एका आवाजात म्हणाला.

"करणी करणारा भावकीतला हाय," महाराजांनी डोळे मिटून सांगितलं. "जमिनीचं कारण हाय."

कोकणात भावकी नाही आणि जमिनीचं कारण नाही असं घर दाखवा. भावोजींनी मात्र तोंडात बोट घातलं. "बरोबर वळखलंत."

मग भगवी शाल आली. ती रावजीच्या छातीवरून दोन्ही हातांवर पसरली गेली. शक्ती बाहेर सांडू नये म्हणून. महाराजांनी शालीखाली हात घालून दोन्ही नाड्या धरल्या आणि वीस मिनिटं मंत्र चालला. त्यात संस्कृत होतं, हिंदी होतं, आणि सावित्रीला खात्री होती की मध्ये एकदा गुहागर डेपोच्या गाड्यांचं वेळापत्रकही होतं. एरवी ती हसली असती. आज ती फक्त रावजीच्या ओठांकडे बघत होती. ते निळसर पडत चालले होते.

शाल निघाली, यंत्र पुन्हा कुरकुरलं. पहिल्या ओळीची टोकं वर.

"उजवा!"

रडणं, टाळ्या, घंटा. सावित्रीने डाव्या मनगटाकडे बघितलं. तिथे पिवळा चिमटा होता. मघाशी बोट लालमध्ये सापडलं होतं की काय, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात रावजी कुशीवर वळून ओकला.

"विष बाहेर पडतंय," महाराज म्हणाले. "उत्तम लक्षण. आता चोवीस तास अंगाला सुई लागता कामा नये. सुई लागली तर कौल फिरला. कौल फिरला तर माणूस गेला. मग आम्हाला विचारायला येऊ नका."

हे शेवटचं वाक्य मात्र त्यांनी माईक बाजूला करून म्हटलं.

त्यांना घेऊन आलेली नासिरची रिक्षा बाहेर उभी होती. रावजीला आत बसवताना सावित्रीने त्याचं तोंड पुसलं. "दगड उतरला?" तिने कानाशी विचारलं.

"नाय," रावजी म्हणाला. "वाढलाय. जबड्यात आलाय."

"घरी घे रे," भावोजींनी नासिरला सांगितलं.

रिक्षा निघाली. डावीकडे वाडीचा रस्ता, सरळ पूल आणि पुलापलीकडे दवाखाना. फाटा जवळ आला. लग्न होऊन आल्यापासून सावित्रीने मोठ्या भावोजींसमोर आवाज चढवला नव्हता, आणि आताही चढवला नाही. ती पुढे वाकून नासिरला एवढंच म्हणाली, "भाई, सरळ."

नासिरने आरशातून रावजीचा चेहरा बघितला आणि काही न विचारता सरळ घेतली.

"सावित्री, कौल मोडतेस," भावोजी म्हणाले. पुलावर ते पुन्हा म्हणाले. दवाखान्याच्या दारात तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा रावजीला खुर्चीत बसवायला त्यांनीच हात दिला होता.

दहा वाजून चार मिनिटं.

डॉक्टर महरीन तिशीच्या आतली, दाभोळ बंदराकडची. तिने रावजीकडे एकदा बघितलं आणि खाट रिकामी करायला सांगितली. शमिका सिस्टर चिमटे लावेपर्यंत तिचे प्रश्न सुरू झाले होते.

"काका, दुखतं म्हणजे कसं? टोचतं, जळतं, की दाबतं?"

"चिरा ठेवलाय छातीवर."

"श्वास घेतला, कूस बदलली तर कमीजास्त होतं?"

"नाय. सारखाच."

"कुठे सरकतं?"

रावजीने जबडा दाखवला, मग डावा हात.

"विडी?"

"कधीमधी."

"कधीमधी म्हणजे दिवसाला एक बंडल," सावित्री म्हणाली. "साखर हाय, गोळ्या चुकवतात. दुखायला लागलं सहा चाळीसला." आणि तिने फॉर्म पुढे केला.

डॉक्टरने तो वाचला. "लोक सांगतात, सकाळपासून. तुम्ही मिनिट आणलंत. याचा मला फार उपयोग आहे."

चार चिमट्यांशिवाय छातीवर सहा ठिकाणी रबरी फुगे चिकटले. पोचल्यापासून सातव्या मिनिटाला पट्टी डॉक्टरच्या हातात होती. ती पूर्ण बघितली, सगळ्या बाजूंनी, कुठेही अंगठा न ठेवता.

"यात अजून स्पष्ट काही दिसत नाही."

"बघा," भावोजी खाटेच्या पायथ्याशी सावरून उभे राहिले. "उजवा कौल हाय. मी सांगत व्हतो."

"पण मला हे दुखणं हार्ट अटॅकचंच वाटतंय," डॉक्टर म्हणाली. "काका, तुम्ही मिस्त्री ना? चिऱ्याला बारीक तडा गेला तर कोरड्यात दिसतो?"

"नाय," रावजी पुटपुटला. "पाणी मारून थांबावं लागतं. मग दिसतो."

"इथेही तेच. एक रेघ चांगली आली म्हणून छाती चांगली असं ठरत नाही. थोड्या वेळाने परत काढायची, तेवढ्यात रक्त तपासायचं. हृदयाचा स्नायू मरायला लागला की त्यातला ट्रोपोनिन नावाचा अंश रक्तात झिरपतो. पण त्यालाही काही तास लागतात, म्हणून तीही तपासणी पुन्हा करतात. रुग्ण काय सांगतो, रेघ काय सांगते, रक्त काय सांगतं, तिघांची साक्ष जुळवून बघायची असते. ही ॲस्पिरिन आधी चावून खा."

गोळी रावजीने चावली. शमिका सिस्टर रक्त घ्यायला सुई घेऊन आली, तसा त्याने हात छातीशी ओढून घेतला.

"सुई नको."

"मुंगी चावल्याएवढं दुखेल, काका."

"दुखण्याचं नाय. सुई लागली तर मी मरतो."

त्याला भिंती बांधताना कोणी घाबरलेलं बघितलं नव्हतं. मचाणाच्या टोकावर उभं राहून विडी ओढणारा माणूस तो. आता त्याचे डोळे भावाकडे लागले होते, आणि भावाने मान खाली घातली होती. "चोवीस तास सांगितलेत," भावोजी म्हणाले. "मी काय करू? कौलावर माझी सही नसते."

दहा सत्तावीसला दुसरी पट्टी निघाली. डॉक्टरने ती पहिलीशेजारी धरली आणि फोटो काढून रत्नागिरीच्या हृदयतज्ज्ञांना पाठवला. मग सावित्रीला जवळ बोलावलं.

"या तीन ओळी बघा. प्रत्येक टोक उठून गेल्यावर रेघ परत पायाच्या पातळीला यायला हवी. पहिल्या पट्टीत येतेय. यात ती खाली येतच नाही, वरच राहतेय. तडा दिसला. हृदयाला रक्त पोचवणारी नळी रक्ताची गाठ होऊन बंद पडलीय. आता रक्ताच्या रिपोर्टची वाट बघायची गरज नाही, वेळही नाही."

"मग?"

"गाठ विरघळवायचं इंजेक्शन. आत्ता. ते देऊन रत्नागिरीला हलवायचं. जितकी मिनिटं जातील तितका स्नायू मरत जाईल, आणि मेलेला परत येत नाही." फोन वाजला. डॉक्टरने ऐकलं, दोनदा "हो सर" म्हटलं. मेंदूतला रक्तस्राव, ऑपरेशन, अल्सर, असलं पूर्वी काही झालंय का, हे सावित्रीला भराभर विचारून घेतलं. मग ती रावजीकडे वळली. "काका, तुम्ही शुद्धीवर आहात. तुम्ही नाही म्हणालात तर मला जबरदस्ती करता येणार नाही. पण मी हात जोडते."

रावजीने मान हलवली. नाही.

औषध तीन हातांवर ट्रेमध्ये होतं. नवरा खाटेवर होता. मध्ये एक रेघ होती, खाणीतल्या मांडवात सुलटी झालेली. सावित्रीने खाटेचा कठडा धरला, रावजीचा हात धरला. उजवा होता तो. मनगटावर लाल चिमटा.

"मॅडम," ती म्हणाली, "हा लाल इकडे कसा?"

"लाल उजव्या हातालाच लावतात. पिवळा डाव्या. कुठेही जा, या यंत्राला असंच."

"महाराजांच्या मांडवात लाल डाव्याला होता. टोकं खाली आली, करणी म्हणाले. माझं बोट सापडलं त्यात. बघा वळ. मग शाल घातली. शाल काढली तेव्हा डाव्याला पिवळा होता."

डॉक्टरने तिच्या बोटावरचा वळ बघितला. "पट्ट्या आहेत?"

भावोजींनी कोपरीच्या खिशातून दोन्ही पट्ट्या काढल्या; देव्हाऱ्यात ठेवायला घेतल्या होत्या. डॉक्टरने त्या उजेडात धरल्या आणि तिचा चेहरा कठीण झाला.

"शमिका, या मोठ्या काकांना शेजारच्या खाटेवर घे. चिमटे यांना लाव. एका मिनिटाचं काम. काका, तुम्हाला छातीत काही?"

"मला काय धाड भरलीय?"

"करणी?"

"मानकऱ्यावर कोण करील?"

"झोपा."

धोंडू मानकरी झोपला. यंत्र कुरकुरलं. पहिली ओळ, टोकं वर.

"उजवा कौल," डॉक्टर म्हणाली. "आता बघा हं. शाल नाही, मंत्र नाही." तिने त्याच्या उजव्या मनगटाचा लाल चिमटा काढून डाव्याला लावला, डाव्याचा पिवळा उजव्याला. यंत्र पुन्हा कुरकुरलं. पहिल्या ओळीची सगळी टोकं भुईकडे.

भावोजी ताडकन उठून बसले. "हे काय?"

"डावा कौल. तुमच्यावर तर कोणी करणी केली नाही. मग मी केली का? पहिली ओळ म्हणजे या दोन हातांमधला विजेचा फरक. हात उलटे सांगितले की यंत्र रेघ उलटी काढतं. बिचारं दुसरं काय करणार?" तिने चिमटे परत बदलले. टोकं वर. "महाराजांनी आधी मुद्दाम उलटे लावले, नाड्या धरायच्या नावाने शालीखाली सुलटे केले. रावजीकाकांच्या काळजाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. फक्त मनगटाला लावला."

"पण चिमाआजीला बरं वाटलं," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"छातीत दुखणाऱ्या पुष्कळांचं दुखणं पित्ताचं असतं, दमणुकीचं, धसक्याचं. ते आपोआप उतरतं आणि नाव महाराजांचं होतं. ज्यांचं खरंच काळजाचं असतं ते तक्रार करायला परत मांडवात येत नाहीत. कुठून येणार?"

भावोजी खाटेवरून उतरले. चिमट्याची ओली जेली मनगटावर तशीच होती. ते रावजीपाशी गेले आणि लहानपणी नदीत उतरवताना धरत असतील तसा त्यांनी भावाचा दंड धरला.

"राव्या, हात दे बाईंना."

"कौल..."

"कौल नव्हताच रे. हात दे. मी सांगतो."

रावजीने हात पुढे केला. सावित्रीने घड्याळ बघितलं. दहा एकेचाळीस. पहिल्या कळेपासून चार तास आणि एक मिनिट.

पुढचा अर्धा तास तिला मोजता आला नाही. तो तिने पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत काढला. अकरा वाजून गेल्यावर रावजी म्हणाला, "हलका झाला गो. चिरा सरकला." तिसऱ्या पट्टीत रेघ पायाकडे उतरायला लागली होती. मग १०८ची गाडी, रत्नागिरी, अँजिओग्राफी, नळी उघडी ठेवणारी स्टेंटची जाळी. माणूस वाचला.

पुरता मात्र वाचला नाही. सोनोग्राफीसारख्या यंत्रावर तिथल्या डॉक्टरांनी सावित्रीला धडधडतं हृदय दाखवलं. वरचा भाग उघडमीट करत होता, खालची भिंत जेमतेम हलत होती. उशिरात तेवढी गेली, ते म्हणाले. यापुढे चिरा उचलायचा नाही. मिस्त्रीची भिंतच गेली, असं रावजी नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायचा. ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही.

पुढच्या गुरुवारी मांडवात नेहमीसारखी गर्दी होती. नंबर लागल्यावर धोंडू मानकरी पाटावर निजला. शेजारी सावित्री उभी. महाराजांनी ओळखलं आणि माईकवर सांगितलं, "हे बघा, यांच्या भावाला गेल्या गुरुवारी जीवदान मिळालं."

"मिळालं," धोंडू म्हणाला. "महाराज, आज लाल चिमटा उजव्या हाताला लावा."

महाराज हसले. "यंत्र ठरवतं, कुठला कुठे."

"मग शाल तरी नको. आज लय उकडतंय."

महाराजांच्या हातात लाल चिमटा तसाच उघडा राहिला. उजवीकडेही जाईना, डावीकडेही. तेव्हा सावित्रीने तो त्यांच्या हातातून घेतला, लावला, पट्टी काढली. मग बदलला, पट्टी काढली. पुन्हा बदलला. तीन पट्ट्या रांगेतून हातोहात मागे गेल्या, अगदी शेवटच्या माणसापर्यंत. त्या दिवशी मागच्यांनाही सगळं दिसलं. महाराज खाणीच्या मागच्या वाटेने निघाले, पण तिथे जादूटोणाविरोधी कायद्याखाली केलेल्या तक्रारीची प्रत घेऊन पोलीस उभे होते. तक्रारीवर पहिली सही मानकऱ्याची होती.

सावित्रीच्या टपालखिडकीशेजारी आता तो मनीऑर्डरचा फॉर्म काचेत लावलेला आहे. खाली तिने ठळक अक्षरांत लिहिलंय : "छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ आली तर घड्याळ बघा आणि १०८ला फोन करा. बायकांना आणि साखर असलेल्यांना कधी नुसता दम लागतो, मळमळतं. तेही अंगावर काढू नका. पोचल्यावर दहा मिनिटांत कार्डिओग्राम निघायला हवा. तो चांगला आला तरी डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. तो परत काढतात, रक्तही परत बघतात. देवीला विचारायचं ते सावकाश विचारा, ती कुठे जात नाही. छातीला काय झालंय हे तपासल्याशिवाय कोणालाच कळत नाही."

वर वेळांचा रकाना आहे. सहा चाळीस, कळ. दहा चार, दवाखाना. दहा एकेचाळीस, इंजेक्शन. आठ पाचच्या पुढे सावित्रीने फक्त "मांडव" लिहिलं होतं, आणि सहा चाळीस व आठ पाच यांच्या मधली जागा कोरी सोडली होती. घरच्या माणसाचं नाव चारचौघांत कशाला, असं तिला वाटलं असावं.

काच बसवायच्या आदल्या दिवशी भावोजी खिडकीशी आले. पेन मागितलं. चष्मा लावून, त्या कोऱ्या जागेत, देवळाच्या पावतीवर काढतात तसल्या टपोऱ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं : धोंडूने थांबवलं.

मग पेन परत दिलं आणि विचारलं, "दिसतंय ना लांबून?"